त्सुयुतली जपानी गाणी : अनुभव धागा

निवेदन
जपानच्या मुख्य बेटांवर साधारणपणे जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत त्सुयु, म्हणजे तिथला पावसाळा असतो. ओकिनावात तो मे महिन्यातच येतो, तर होक्काइदोत जवळजवळ नसतोच. आपल्याकडचा पाऊस उन्हाच्या काहिलीतून सोडवतो, म्हणून आपली पाऊसगाणी बहुधा त्याचे स्वागत करतात. तिथला पाऊस वसंत आणि उन्हाळा यांच्यामध्ये रेंगाळत राहतो आणि त्यावरची पुष्कळशी गाणी कोणाची तरी वाट पाहणाऱ्या किंवा कोणापासून तरी दुरावलेल्या माणसाच्या तोंडी आहेत. ज्यांनी हा ऋतू तिथे काढला आहे किंवा जपानी शिकताना ही गाणी ऐकली आहेत, त्यांनी एखाद्याच गाण्याविषयी लिहावे. ते कोठे भेटले आणि कोणत्या पावसाला शोभते, हे सांगावे. नुसत्या याद्या देऊ नयेत.

तोक्योच्या पश्चिम भागात राहणारी वाचक
ओमे मार्गावरील निशी-ताचिकावा स्थानकात गाडी सुटण्यापूर्वी वाजणारी धून गायिका अराइ युमी यांच्या ‘आमे नो स्तेइशोन’ (पावसातले स्थानक) या १९७५ सालच्या गाण्याची आहे, कारण ते गाणे याच स्थानकाला मनात धरून लिहिलेले आहे. त्यात जून महिन्याचा स्पष्ट उल्लेख येतो, त्यामुळे हे नुसते पावसाचे नव्हे, तर खऱ्या अर्थाने त्सुयुचे गाणे ठरते. गाणारी व्यक्ती कोणावर रागावलेली नाही. तिला फक्त विसरले जावे असे वाटते. मी सकाळी त्या फलाटावर उभी असते, तेव्हा आजूबाजूला पारदर्शक प्लास्टिकच्या छत्र्या ठिबकत असतात, कोणी कोणाशी बोलत नाही, आणि धून काही क्षणांत तुटून दारे बंद होतात. पूर्ण गाणे मी पुष्कळ नंतर ऐकले. खरे सांगायचे तर मला अजूनही तो तुटका तुकडाच अधिक आवडतो.

पुण्यात जपानी शिकवणारी शिक्षिका
निवेदनात म्हटलेली उदासी मला मान्य आहे, पण लहान मुलांची गाणी तिला जुमानत नाहीत. किताहारा हाकुशू यांचे शब्द आणि नाकायामा शिम्पेइ यांचे संगीत असलेले ‘आमेफुरी’ हे १९२५ सालचे गाणे मी दर जूनमध्ये वर्गात घेते. आई मोठी छत्री घेऊन शाळेपाशी न्यायला येणार, म्हणून मूल पावसाला आणखी पड असे सांगते, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘पिची पिची चापू चापू रान् रान् रान्’ येते. विद्यार्थी एवढे ध्रुपद पाठ करून थांबतात. पुढच्या कडव्यांत विलोच्या झाडाखाली चिंब भिजून रडणारे दुसरे मूल दिसते; गाणारा मुलगा आपली छत्री त्याला देतो आणि स्वतः आईच्या मोठ्या छत्रीत शिरतो. ते कळले की वर्गाचा सूरच बदलतो. जुलैच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या जपानी भाषाक्षमता परीक्षेच्या तयारीने वर्ग वैतागलेला असतो आणि बाहेर आपलाही पाऊस लागलेला असतो, तेव्हा या गाण्याइतके कामाचे दुसरे काही नाही.

क्योतोत संशोधन करणारा वाचक
बालगीते निरागसच असतात, असे मात्र कोणी समजू नये. ‘तेरु तेरु बोझू’ या १९२१ च्या गाण्याला चालही नाकायामा शिम्पेइ यांचीच आहे. उद्या ऊन पडावे म्हणून मुले खिडकीत जे पांढऱ्या कापडाचे बाहुले टांगतात, त्याला हे गाणे उद्देशून आहे. ऊन पडले तर सोन्याची घंटा देऊ, गोड साके (तांदळाची दारू) पाजू, असे म्हणत गाणे शेवटी, तरीही आभाळ रडले तर तुझे मुंडके छाटू, या धमकीवर येते. ‘ये रे ये रे पावसा’ म्हणताना आपणही पावसाला पैशाचे आमिष दाखवतो आणि तो पैसा खोटा निघतो. तेव्हा हवामानाशी लबाडीचा व्यवहार करण्यात दोन्हीकडची मुले सारखीच आहेत. मुंडके छाटण्यापर्यंत मात्र आपण गेलो नाही.

ओसाकात नोकरी करणारा वाचक
‘आमे नो मिदोसुजी’ हे १९७१ चे गाणे तैवानच्या ओउयांग फेइफेइ यांनी गायले आणि त्याची चाल अमेरिकेच्या व्हेंचर्स या गिटारवादकांच्या चमूची आहे. तरीही ओसाकाचे याहून अस्सल पाऊसगाणे मला माहीत नाही. उमेदा ते नाम्बा जाणाऱ्या, गिंकोच्या झाडांच्या मिदोसुजी या हमरस्त्यावर ती बाई कोणाला तरी शोधत भिजते. हे गाणे चालण्यासाठी आहे. बसून ऐकल्यास गिटार पोकळ वाटते.

नागासाकीत शिकलेली वाचक
‘नागासाकी वा क्यो मो आमे दात्ता’ (नागासाकीत आजही पाऊसच होता) हे माएकावा कियोशी यांच्या आवाजातले १९६९ चे गाणे तिथे इतके वाजते की नवागताला ते जाहिरात वाटते. पावसातली दगडी फरसबंदी आणि परत न आलेला माणूस, एवढ्यावर ते उभे आहे. पण त्या शहराला पावसाची दुसरीही बाजू माहीत आहे. २३ जुलै १९८२ रोजी शेजारच्या नागायो गावात एका तासात १८७ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात आणि दरडींखाली सुमारे ३०० माणसे मरण पावली किंवा बेपत्ता झाली, आणि शहरातला जुना दगडी मेगाने पूलही काही अंशी वाहून गेला. माझ्या वयस्कर घरमालकीणबाई हे गाणे आनंदाने गुणगुणत, पण जुलैत पाऊस रात्रभर लागला की रेडिओवर फक्त बातम्या लावत. गाणे खोटे आहे असे मला वाटत नाही; ते रिमझिम पावसाचे आहे, इतकेच.

योकोहामातील संगणक अभियंता
इनोउए योसुइ यांच्या १९७२ च्या ‘कासा गा नाइ’ (छत्री नाही) या गाण्याचा उल्लेख कोणी केलेला नाही, म्हणून लिहितो. वर्तमानपत्रात शहरातील तरुणांच्या आत्महत्या वाढल्याची बातमी आहे आणि दूरचित्रवाणीवर कोणीतरी गंभीर चेहऱ्याने देशाच्या भवितव्याविषयी बोलत आहे. पण गाणाऱ्याची अडचण एवढीच की आज पाऊस आहे, तिला भेटायला जायचे आहे आणि छत्री नाही. हा माणूस बेपर्वा आहे की प्रामाणिक, यावर कार्यालयातील वयाने मोठ्या सहकाऱ्यांशी माझा वाद झाला. विद्यार्थी चळवळ ओसरल्यानंतरच्या थकव्याचे हे गाणे आहे, असे त्यांचे म्हणणे. मला ते एका हट्टी प्रेमिकाचे वाटते, आणि त्सुयुच्या तिसऱ्या आठवड्यात, घरात वाळत घातलेले कपडे वाळत नसताना, त्याचे म्हणणे पूर्ण पटते.

कुमामोतोची सून झालेली वाचक
इथे कॅराओकेला बसल्यावर गायिका याशिरो आकी यांचे ‘आमे नो बोजो’ (पावसातली ओढ) टाळता येत नाही, कारण त्या याच प्रांतातील यात्सुशिरोच्या. १९८० सालचा जपान रेकॉर्ड पुरस्कार या गाण्याला मिळाला. त्यातही ‘आमेफुरी’प्रमाणे पावसाला पड, पड म्हटले आहे, पण इथे तो आईला नव्हे, तर निघून गेलेल्या माणसाला घेऊन यावा अशी मागणी आहे. या ओळीवर त्या तळहात वर करून पाऊस झेलल्यासारखे करीत आणि सारे प्रेक्षक तसेच करीत. डिसेंबर २०२३ मध्ये त्या गेल्या, त्यानंतरच्या जूनमध्ये सासूबाईंनी हे गाणे मला शिकवायला घेतले. त्यांचा आग्रह असा की याशिरो यांच्यासारखा आवाज घोगरा करण्याचा प्रयत्न करू नये, ध्रुपदाला हात मात्र खांद्याच्या वर जाऊ देऊ नये, आणि दुसऱ्या कडव्याला श्वास आधीच राखून ठेवावा.