स्वस्त व्हिस्कींची घरच्या घरी तुलना नेमकी कशी करावी?

मुठाकाठ (प्रश्न)

आम्ही चौघे मित्र महिन्यातून एकदा कोथरूडला माझ्या घरी जमतो. गेल्या वेळी आम्ही चार चपट्या आणून त्यांची तुलना करायचे ठरवले: रॉयल स्टॅग, ब्लेंडर्स प्राइड, भारतात बाटलीबंद होणारी टीचर्स ही स्कॉच आणि जोडीला ओल्ड मंक रम. प्रत्येकाने प्रत्येक बाटलीतले तीस मिली सोडा आणि बर्फ घालून घेतले आणि वहीत दहापैकी गुण लिहिले. तिसऱ्या ग्लासपर्यंत फरक कळेनासा झाला होता. शेवटी चौघांच्याही वहीत सर्वांत महाग बाटली पहिली आली. ती खरोखरच सरस होती, की किंमत ठाऊक असल्यामुळे तशी वाटली, हे मला तेव्हापासून सतावते आहे. सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली महागडी व्हिस्की, नियमितपणे विकत घेणे आमच्या खिशाला परवडणारे नाही, त्यामुळे जे आवाक्यात आहे त्यातलेच चांगले काय, ते प्रामाणिकपणे शोधायचे आहे. त्यासाठी चाखण्याची कोणती पद्धत योग्य ठरेल आणि लेबलवरून आधीच काही समजू शकते का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पर्वतीपायथा

आपला संशय रास्त आहे. बाटली डोळ्यांसमोर असताना दिलेल्या गुणांत किंमत मिसळतेच, आणि ती टाळण्याचा एकच उपाय म्हणजे त्या दिवशी न पिणाऱ्या घरातल्या कोणाकडून तरी दुसऱ्या खोलीत ग्लास भरून घेणे आणि ग्लासांच्या तळाला फक्त आकडे चिकटवणे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की ४२.८ टक्के तीव्रतेच्या असतात, म्हणजे आपण प्रत्येकी घेतलेल्या १२० मिलीत सुमारे ४० ग्रॅम शुद्ध मद्यार्क होता. एवढ्यावर जीभ आणि नाक दोन्ही बधिर होतात. चाखण्यासाठी दहा मिली भरपूर झाले, आणि ते मोजायला खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी मापाची टोपी उत्तम. त्यात तेवढेच साधे पाणी घातले की तीव्रता २१.४ टक्क्यांवर येते. नाकाला झोंबणारा मद्यार्क मागे हटतो आणि धान्याचा, लाकडाचा, फळांचा वास पुढे येतो. बर्फ नको, कारण थंडीने वास दबतो. सोडाही पहिल्या फेरीत नको, कारण त्याचा आंबटपणा आणि बुडबुडे मधले बारकावे झाकून टाकतात. पाण्याच्या बाबतीत आपण पुणेकर सुदैवी आहोत: खडकवासल्याचे पाणी मृदू आहे, ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवले की क्लोरिनचा वासही बराच उडून जातो. सोसायटीत बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येत असेल, तर मात्र ते चाखण्यासाठी वापरू नये.

ग्लास तोंडाशी निमुळता असावा. वर रुंद होत जाणाऱ्या ग्लासातून वास निसटून जातो. मध्ये मध्ये तोंड स्वच्छ करायला साधी पोळी किंवा बिनमिठाचे चुरमुरे ठेवा. बाकरवडी आणि चिवडा वह्या मिटल्यानंतरच काढावेत.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. गुण देण्याआधी फरक कळतो का, ते तपासा. प्रत्येकाला तीन ग्लास द्यायचे, दोनांत एकच व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखायला सांगायचे. निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, चौघांचेही अंदाजाने बरोबर येण्याची ८१ मध्ये एक. ज्या दोन व्हिस्कींमधला फरक आपल्याला ओळखताच येत नाही, त्यांतल्या एकीला सात आणि दुसरीला आठ गुण देण्याला काय अर्थ उरतो?

धान्यगंध

लेबलाविषयी थोडे लिहितो, कारण तिथे खरोखर वाचण्यासारखे असते आणि फारसे कोणी वाचत नाही.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हिस्की धान्यापासूनच करावी लागते आणि किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरवावी लागते. स्कॉच म्हणवण्यासाठी ते मुरणे स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात व्हावे लागते. भारतात मात्र स्वस्त व्हिस्कीचा पाया बहुधा न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे जवळजवळ वासहीन होईपर्यंत शुद्ध केलेला मद्यार्क असतो. तो उसाच्या मळीचा असेल किंवा धान्याचा, आणि त्यात चवीसाठी भारतीय किंवा स्कॉच माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की, मिसळतात. आपल्या यादीतल्या दोन्ही देशी व्हिस्की धान्याच्या स्पिरिटमध्ये स्कॉच माल्ट मिसळून केलेल्या आहेत, त्यामुळे त्या परस्परांच्या जवळ वाटल्या तर नवल नाही. टीचर्सची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात माल्टचे प्रमाण या किमतीच्या मानाने बरेच जास्त असते आणि आर्डमोर या डिस्टिलरीचे धुरकट माल्ट तिच्या गाभ्याशी असते. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवलेल्या बार्लीचा हा वास जिभेवर रेंगाळतो, म्हणून ती नेहमी शेवटी चाखावी.

रंगावरून मात्र काहीही ठरवू नये, कारण कॅरॅमल घालून रंग सारखा करण्याची मुभा स्कॉचलाही आहे. किंमतही दर्जाचे माप नव्हे. २०२५मध्ये राज्य सरकारने देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेले. बाटली महागली, पण आतला द्रव होता तोच राहिला.

सिंहगडरस्ता

ओल्ड मंकला या रांगेत बसवू नये, एवढेच सांगायचे आहे. ती मळीपासून केलेली, मुरवलेली गडद रम आहे आणि तिचा व्हॅनिलासारखा गोडवा तोंडात आला की त्यानंतरची कोणतीही व्हिस्की रुक्ष आणि कडवट लागते. १९५४पासून ती स्वतःच्या चवीवर उभी आहे. तिची तुलना दुसऱ्या रमशीच व्हावी. आणखी एक: राज्यात पिण्याचा परवाना लागतो, तो चौघांनीही काढून ठेवावा, आणि परतताना रिक्षाच करावी.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. परवाने आमच्याकडे आहेत. सांगितल्याप्रमाणे दोन शनिवारी प्रयोग केला. पत्नीने स्वयंपाकघरात ग्लास भरले आणि आम्हाला फक्त आकडे दिसले.

पहिल्या शनिवारी दोन देशी व्हिस्की साध्या पाण्यासोबत, तीन-तीन ग्लासांच्या पद्धतीने, प्रत्येकाने दोनदा चाखल्या. आठपैकी सात वेळा वेगळा ग्लास बरोबर ओळखला गेला. मला स्वतःला ब्लेंडर्स प्राइड किंचित मऊ आणि रॉयल स्टॅग अधिक धान्याच्या वासाची वाटली. दुसऱ्या शनिवारी हेच सगळे सोड्यासोबत केले, तेव्हा आठपैकी तीनच उत्तरे बरोबर आली, म्हणजे आम्ही जवळपास अंदाजच करत होतो. टीचर्स दोन्ही वेळा शेवटी ठेवली होती. तिचा धूर सोड्यातही सर्वांना कळला, पण आमच्यापैकी दोघांना तो मुळीच आवडत नाही, हे इतक्या वर्षांत प्रथमच उघड झाले. गेल्या महिन्यात त्याच दोघांनी तिला दहापैकी नऊ गुण दिले होते.

यापुढे सोड्यासाठी दोन देशी व्हिस्कींपैकी स्वस्त असलेली आणायची आणि टीचर्स आम्हा उरलेल्या दोघांपुरती पाण्यासोबत घ्यायची, असे ठरले आहे. रमसाठी वेगळा शनिवार ठेवला आहे. ओल्ड मंकसमोर तेवढ्याच किमतीची दुसरी कोणती गडद रम ठेवावी, ते कृपया सुचवावे.