धोकादायक मालाचा तीन दिवसांचा कोर्स मोबाइलवर?

नंदेसरी नाका
कालची पोस्ट वाचलीत? "पुढची साथ आली तर टँकर ड्रायव्हरांचा धोकादायक मालाचा कोर्स सरळ मोबाइलवर घ्या, 2020 सारख्या लायसन्सच्या मुदती वाढवत बसू नका. शेवटी सर्टिफिकेटच तर हवं असतं." खाली ढीगभर अंगठे.

सर्टिफिकेट कशाचं हो? यूएन नंबर (मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), ट्रेम कार्ड (अपघातात काय करायचं त्याचं कार्ड), टँकरवरची धोक्याची नारिंगी पाटी वाचणं, कागदपत्रं हे सगळं मोबाइलवर शिकवा, माझी ना नाही. पण आग विझवायचं 10 किलोचं पावडरचं एक्स्टिंग्विशर घ्या. गाडीवर महिनोन्‌महिने हादरे खाऊन पावडर तळाशी घट्ट बसते. ते उलटं करून बुडावर थापट्या मारायच्या, वाऱ्याकडे पाठ करायची, पिन काढायची, नोझल ज्वाळेच्या मुळाशी धरायचं. वीस-पंचवीस सेकंदांत खेळ खलास. ज्यानं ते कधी हातात धरलेलं नाही तो निम्मा वेळ पिनशी झटणार आणि उरलेल्या वेळात आभाळावर पावडर उडवणार. शिवाय पावडर पत्रा थंड करत नाही. विझली म्हणून पाठ फिरवली की पुन्हा भडका. हे व्हिडिओत दिसतं, हातात उतरत नाही.

मकरपुरा ट्रान्सपोर्ट
नाकेसाहेब, ज्या वर्गाची आरती ओवाळताय तिथं पन्नास जणांत एक एक्स्टिंग्विशर असतं, तेही भरायचा खर्च नको म्हणून नुसतं दाखवायला. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर अर्धे सह्या ठोकून पसार. मोबाइलवर निदान चेहऱ्याची हजेरी लागेल. आणि मुदतवाढ? 1 फेब्रुवारी 2020 नंतर संपलेली लायसन्सं आधी 30 जून, मग 30 सप्टेंबर, मग 31 डिसेंबर, असं करत 2021 चा पावसाळा सरेपर्यंत चालू धरली. तेवढ्या काळात नूतनीकरणाच्या वेळची उजळणी शून्य. शून्यापेक्षा मोबाइल वाईट?

दांडियाबाजारकर
त्यातही मुदतवाढ जुन्यांना. नव्यांचं काय? एप्रिल-मे 2021 मध्ये ऑक्सिजनच्या टँकरना ड्रायव्हर पुरेनात. 500 प्रशिक्षित ड्रायव्हर ताबडतोब आणि दोन महिन्यांत 2500 तयार ठेवा, असं केंद्रानं राज्यांना कळवलं होतं. तेव्हा तीन दिवस बाकावर बसवणार होतात?

मांजलपूरची ताई
भाऊ, तुम्ही नेमकं उलटं उदाहरण दिलंत. द्रव ऑक्सिजन उणे 183 अंशांचा. माल उतरवून झाल्यावर होजचे (उतरवायच्या नळीचे) दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केले आणि मध्ये द्रव अडकला, तर त्याचा वायू होताना तो साडेआठशे पटींहून जास्त फुगतो. म्हणून आधी ड्रेन उघडून होज मोकळा, मगच कपलिंगला हात. कपलिंगवर बर्फ धरलं की नवखा हातोडी मारतो, नाहीतर ग्रीस चोपडतो. ऑक्सिजनच्या जोडावर ग्रीस म्हणजे स्वतःच्या हातानं काडी लावणं. डांबरावर सांडला तर त्यावरून चालायचं नाही, गाडी हलवायची नाही. भिजलेलं डांबर नुसत्या धक्क्यानं उडतं, म्हणून उतरवायची जागा काँक्रीटची असते. घाईत भरती केलेल्या माणसाला तर आधी व्हॉल्व्हपाशी उभं करायला हवं.

मकरपुरा ट्रान्सपोर्ट
आत्ता आठ ओळींत शिकवलंतच की ताई. तेही मोबाइलवर!

मांजलपूरची ताई
वाचून पोहता येत असेल तर सुरसागर तलावात उतरून दाखवा.

कोयली गेट
भांडा सावकाश. पण वर्गात काय नि मोबाइलवर काय, रिकाम्या टँकरबद्दल कोण शिकवतं? बडोद्याजवळ दुमाड चौकडीला (चौकात) उभं राहा. रिकामा पेट्रोल टँकर, आणि नारिंगी पाटीवर गोणपाट.

मकरपुरा ट्रान्सपोर्ट
रिकाम्या गाडीला पाटी कशाला? माल नाही तर धोका नाही.

कोयली गेट
धन्य! भरलेल्या कप्प्यात पेट्रोलच्या वाफेला हवा मिळत नाही. रिकाम्यात मिळते. हवेत वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के झाली की ठिणगीची खोटी. ती हवेपेक्षा जड, तळाशी बसते, झाकण उघडं ठेवून जात नाही.

दांडियाबाजारकर
मग पाटी काढायची तरी कधी?

कोयली गेट
टँकर धुऊन गॅस-फ्री झाल्यावर, म्हणजे आत पेट्रोलची वाफ उरली नाही की. पाण्याची वाफ मारा, हवा खेळवा, मग गॅस मोजायचं मीटर प्रत्येक कप्प्यात तळापर्यंत सोडा. एका कप्प्याचं रीडिंग दुसऱ्याला चालत नाही.

मकरपुरा ट्रान्सपोर्ट
दर खेपेला वाफ? भाडं कोण देणार, तुमचे काका?

कोयली गेट
काकांवर जाऊ नका. दर खेपेला कोण म्हणालं? पाटी झाकू नका एवढंच. वाफ आणि गॅस-फ्रीचा कागद वेल्डिंगच्या आधी. ब्रॅकेटला "फक्त एक टाका" मारायला गाडी गॅरेजात नेतात ना, तिथंच टँकर उडतात.

नंदेसरी नाका
धागा कोर्सचा आहे हो!

मकरपुरा ट्रान्सपोर्ट
बरं बाबा. पाटी आणि कागदांचा भाग मोबाइलवर, हाताचं काम साथीतही उघड्या मैदानात, आठ-आठच्या तुकड्यांनी. मान्य. पण प्रत्येकाच्या हातून एक्स्टिंग्विशर रिकामं करवलंत तर भरायचा खर्च फीमध्ये धरा, मागाहून आमच्या नावावर नको.

दांडियाबाजारकर
आणि क्लोरीनवाल्यांचा बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या टाकीचा श्वासाचा सेट? साथीत एकच मास्क आठ तोंडांवर?

मांजलपूरची ताई
हा खरा प्रश्न, इतक्या वेळानं कुणाला सुचला. पाठीवरचा सेट एक चालतो, मास्क वेगळा निघतो. डिमांड व्हॉल्व्ह (श्वासागणिक हवा सोडणारा) काढून ठेवायचा, मास्क कोमट साबणपाण्यात धुवायचा, जंतुनाशकात बुडवायचा, साध्या पाण्यानं खळबळून सावलीत वाळवायचा. उन्हात रबर चिरतं. हे दोन तुकड्यांच्या मध्ये उरकत नाही, म्हणून आठ जणांना आठ मास्क. आणि दाढी करून या म्हणावं, केसांवर सील बसत नाही.

मकरपुरा ट्रान्सपोर्ट
झालं. आता दाढीवरून शंभर प्रतिसाद.