‘इंटरफेस असाइन करा’ : जोडणी की नेमणूक?

घरच्या फायरवॉलसाठी (घरचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधली राखणदार पेटी, तिच्यावर पीएफसेन्स ही प्रणाली) मराठीत टिपणं लिहितोय. ‘असाइन’पाशी, म्हणजे कुठला इंटरफेस (नेटवर्कशी बोलायची वाट) कुठल्या कामाला हे सेटिंगमध्ये ठरवण्यापाशी, अडलो. आधी बिनदिक्कत ‘इंटरफेस जोडा’ असं लिहून टाकलं होतं, ते माझ्याच अंगाशी आलं. पेटीत नवं नेटवर्क कार्ड बसवलं आणि नेट गेलं. मित्र फोनवर वॅनचं, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचं, विचारतोय, "वॅन जोडलंस ना?" मी म्हणतोय, "जोडलंय की, दिवासुद्धा लुकलुकतोय." अर्धा तास हेच. तो सेटिंगचं विचारत होता, मी केबलचं सांगत होतो. दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद : ‘नेमणे’. केबल जोडायची, इंटरफेस नेमायचा. वॅन आणि लॅन (घरातली बाजू) ही पदं. ईएम०, आयजीबी१ अशा नावांची कार्डं हे त्या पदांवरचे गडी. फ्रीबीएसडीत (पीएफसेन्स ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं ती) गड्याचं नाव ड्रायव्हरवरून पडतं आणि आकडा कार्ड सापडेल त्या क्रमाने. त्याच जातीचं नवं कार्ड मध्ये घुसलं की क्रम सरकू शकतो. पीएफसेन्सच्या सेटिंगमध्ये मात्र वॅनपुढे नुसतं ‘ईएम०’ लिहिलेलं असतं, कार्डाचा मॅक पत्ता (त्या कार्डाची स्वतःची ओळख) नाही. दारावरची पाटी तीच, खुर्चीत बसलेला भलताच! तुमचं तेच झालं असणार.

प्रतिसाद : ही तर परस्पर बदली :) पण ‘वाटप’ का नको?

प्रतिसाद : वाटप आयपी पत्त्यांसाठी राखून ठेवा. डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी पत्ते देणारी सेवा) पत्ता वाटतो तो मुदतीने. मुदत वाढवून न घेता संपली की तो दुसऱ्या कुणाला जाऊ शकतो. नेमणूक आपण बदलेपर्यंत टिकते.

प्रतिसाद : आणि ‘इंटरफेस’चं काय? ‘आंतरपृष्ठ’ मी तरी कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही.

प्रतिसाद : इंटरफेसच राहू द्या. फक्त ‘पोर्ट’ लिहू नका. पोर्ट म्हणजे केबल खुपसायची जागा. त्या एकाच जागेवर तीन व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) केले तर ते तीन वेगळे इंटरफेस होतात आणि तिघांनाही वेगवेगळ्या पदांवर नेमता येतं. जाता जाता, ‘नो कॅरिअर’चं (तारेवर सिग्नल नसल्याची सूचना) ‘वाहक नाही’ करू नका, कंडक्टर आठवतो. ‘लिंक नाही’ पुरे.

मूळ प्रश्नकर्ता : ‘नेमणे’ पक्का. निदानही बरोबर निघालं. वॅनची केबल ज्यात होती ते कार्ड ईएम१ झालं होतं. टिपणातला मजकूर आता असा : ‘सगळ्या केबल काढा. कन्सोलवर (पेटीच्याच स्क्रीनवरच्या मेनूत) पर्याय १ घ्या. वॅनचं नाव विचारल्यावर "ए" दाबा, मग वॅनची केबल जोडा आणि दिवा लागला की एंटर दाबा. ज्या इंटरफेसवर लिंक आली तो वॅन म्हणून नेमला जाईल.’ ‘जोडा’ आणि ‘नेमला’ शेजारीशेजारी असूनही घोळ होत नाही.

फक्त नेमणूक काढून टाकायच्या बटणाला काय म्हणू?

प्रतिसाद : ‘पदमुक्त करा’. ‘बडतर्फ’ नको, बिचाऱ्या कार्डाचा काही गुन्हा नाही.