आठ युनिटनी मिळून थ्रीडी प्रिंटर घ्यावा का?

कुंडई_टूलरूम
गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतली आम्ही ८ छोटी युनिट. बहुतेक काम औषध कंपन्यांच्या पॅकिंग लाइनच्या सुट्या भागांचं. फिक्स्चर (भाग पकडून ठेवणारी साधनं), गाइड, चेंज पार्ट (पॅकचा आकार बदलला की लाइनवर बदलायचे भाग) सगळं डेल्रिन या कडक प्लास्टिकमधून नाहीतर अ‍ॅल्युमिनियममधून मिलिंग करून निघतं. एक प्रिंटर मिळून घ्यायचा विचार आहे. सुरुवात कशापासून करावी? पावसाळ्यात काय अडतं?

वेर्णा_पॉलिमर
आधी भाग ठरवा, मग मशीन. गोळी किंवा पावडर ज्याला लागते तो भाग छापूच नका. थरांमधल्या खाचांत पावडर बसते आणि क्लीनिंग व्हॅलिडेशनला, म्हणजे भाग पूर्ण साफ होतो हे सिद्ध करायच्या तपासणीला, तो अडकतो. कार्टन गाइड, सेन्सरचं ब्रॅकेट, तपासणीचं फिक्स्चर इथून सुरू करा.

छपाईच्या प्लास्टिकपैकी पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतही वाकतं. साध्या कामाला पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक घ्या. भार असेल तिथे नायलॉन, पण आपल्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या तारेचं उघडं रीळ रात्रीत ओलं होतं. वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या नोझलपाशी तडतड ऐकू आली, पृष्ठभागावर बारीक फोड दिसले की समजा. असा भाग थरावरच उकलतो. रीळ ७० ते ८० अंशांवर ८-१२ तास सुकवा आणि छपाई चालू असतानाही ड्रायरच्या डब्यातूनच सोडा.

ताकद हवी तर इनफिल (आतली जाळीदार भरण) वाढवण्याआधी बाहेरच्या भिंतींचे थर ४-५ करा. बोल्टसाठी प्लास्टिकमध्ये आटे पाडू नका, आतून आटे असलेले पितळी इन्सर्ट गरम करून बसवा. कार्बन फायबरवालं नायलॉन वापरणार असाल तर कडक पोलादी नोझल हवंच, पितळी नोझल लवकर झिजतं.

मडकई_मेंटेनन्स
यूपीएसचा खर्च आधीच धरा. १४ तासांच्या छपाईत वीज गेली आणि प्रिंटरचं गरम टेबल थंड झालं की भाग सुटतो. नंतर तिथूनच पुढे सुरू केलं तरी त्या थरावर जोड कच्चा राहतो.

कुंडई_टूलरूम
हे पटलं. खरी अडचण ड्रॉइंगची. आठांपैकी पाच जणांचं गिऱ्हाईक एकच, शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर फाइल द्यायला कोणी तयार नाही.

क्लस्टर_डीपीआर
मग पहिले सहा महिने गिऱ्हाइकाचा एकही भाग छापू नका, फक्त स्वतःच्या शॉपमधली फिक्स्चर आणि सॉफ्ट जॉ (भागाच्या आकाराचे पकडीचे मऊ जबडे). त्यात लपवण्यासारखं फार नसतं, आणि मशीनची सवय सगळ्यांना होते. स्लायसिंग, म्हणजे ड्रॉइंगचे थर पाडणं, ज्याने त्याने आपल्या कॉम्प्युटरवर करावं, ऑपरेटरकडे फक्त त्यातून निघणारा जी-कोड (प्रिंटरच्या सूचनांची फाइल) द्यावा. ऑपरेटर एकच ठेवा, कुठल्याही युनिटच्या पगारावर नसलेला. तासाचा दर लिहून ठेवा आणि त्यात नोझल, ड्रायर, फुकट गेलेल्या छपाया धरा. हा हिशेब राहून गेला की तिसऱ्या महिन्यात भांडण होतं.

एवढ्यासाठी एमएसई-सीडीपी या छोट्या उद्योगांच्या क्लस्टरसाठीच्या केंद्राच्या योजनेच्या मागे लागू नका. एसपीव्ही (सगळ्यांची मिळून वेगळी संस्था), डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल), मंजुऱ्या यांत वेळ जातो. पुढे सीएमएम (अचूक मापं घेणारं मशीन) किंवा मेटल प्रिंटिंग मिळून घ्यायचं ठरलं तर ती योजना धरा. तोवर ८ जणांचे जी-कोड आणि तासांची वही तुमच्या हाती असेल, मागणी किती आहे ते त्यातून दाखवता येईल.