बाळाच्या खोलीत हीटर ठेवायचाय, कोणता घेऊ? (दापोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी-२०३ : नमस्कार मंडळी. ताईला आणि बाळाला काल घरी आणलं, दोघंही छान आहेत. बाळ १२ दिवसांचं आहे आणि दापोलीची जानेवारीतली पहाट तुम्हाला माहितीच आहे, फरशीला पाय लावायची सोय नाही. पोर्टेबल हीटर घ्यायचा विचार आहे, कोणता घेऊ? आई म्हणतेय हीटर कशाला, बाजेखाली शेगडी ठेवू, आमच्या वेळी तेच होतं.

सी-१०२ : क्वार्ट्झ रॉडचा घे, स्वस्त पडतो आणि लगेच तापतो. आमच्याकडे ४००/८०० वॅटचा आहे, ४ वर्षं झाली

ए-३०१ : दादा रॉडवाला नको हो बाळाच्या खोलीत. लाल रॉड उघडाच असतो, जाळीला दुपट्याचं टोक लागलं तरी पेटेल. आम्ही सासूबाईंसाठी ऑइलवाला घेतला, रेडिएटर म्हणतात तो, ९ फिनचा म्हणजे ९ उभ्या पट्ट्यांचा. तापायला अर्धा तास घेतो पण उजेड नाही, आवाज नाही, आणि बंद केला तरी बराच वेळ ऊब राहते. तेल आतच सील असतं, भरावं लागत नाही

बी-४०४ : फॅनवाला पण येतो ना? लवकर गरम करतो खोली

ए-३०१ : हो पण आवाज करतो आणि गरम वारा थेट अंगावर येतो, बाळाला नको तो

ए-१०४ काका : अरे, आधी शेगडीचं बोलू, बाकीचं मग. आईला माझं नाव सांग. पूर्वी घराला कौलं होती, कुडाच्या भिंती, वाऱ्याला हजार वाटा. आपल्या फ्लॅटला स्लाइडिंगच्या खिडक्या आहेत, थंडी म्हणून त्या घट्ट लावणार आणि आत कोळसे नाहीतर करवंट्यांचे निखारे ठेवणार, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर संपला म्हणजे धोका संपला असं नसतं. रक्तात ऑक्सिजनच्या जागी तोच जाऊन बसतो आणि माणूस झोपेतून उठतच नाही. ओवा-शेपाची धुरीसुद्धा बंद खोलीत नको. याबाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही, बाळंतिणीच्या खोलीत निखारा जाता कामा नये

बी-२०३ : काका वाचून दाखवलं आईला. पटलंय तिला. पण विजेच्या हीटरनेपण ऑक्सिजन संपतो असं ती म्हणते

ए-१०४ काका : नाही संपत. विजेच्या हीटरमध्ये काही जळतच नाही, तार तापते फक्त. हवा जरा कोरडी वाटते म्हणून लोक पाण्याचं भांडं ठेवतात, ठेव हवं तर, पण हीटरपासून लांब. त्याच्यावर तर मुळीच नको.

आता महत्त्वाचं. सगळे कोणता हीटर ते विचारतात, कुठे लावणार ते कुणीच विचारत नाही. मी आयुष्यभर वायरिंगची कामं केली म्हणून सांगतो. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला साधारण ९ अँपिअर ओढतो. आपल्या बेडरूममधले मोबाइल-टीव्हीचे बारीक पॉइंट ६ अँपिअरचे. हीटरची पिन जाडी असते, ती त्यात जात नाही, मग लोक १६ अँपिअरची जाडी पिन ६ च्या पॉइंटला बसवणारा तो कन्व्हर्टर आणतात, तो पहिला चुकीचा उद्योग. दुसरा एक्स्टेंशन बोर्ड, त्यात वायर गुंडाळून पलंगाखाली सरकवलेली.

गेल्या डिसेंबरात हे माझ्याच घरात झालं. मी मुलाकडे चिपळूणला गेलो होतो, मागे हिचं अंग कणकणत होतं म्हणून तिने हीटर बोर्डवर लावला, रात्री जळका वास आला म्हणून उठली तर प्लग वितळून बोर्डाला चिकटलेला आणि शेजारी मच्छरदाणी. ती वेळेत उठली एवढंच. आणि एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच, पडला नव्हता, हे लक्षात घ्या सगळ्यांनी. करंट जास्त गेला किंवा शॉर्ट झालं तर एमसीबी पडतो. इथे करंट तेवढाच होता, पिन सैल होती म्हणून तिथेच तापत गेलं. आणि समुद्र आपल्यापासून ७-८ किलोमीटरवर, खारी दमट हवा, वर चार महिने पाऊस, आपल्याकडे सॉकेटच्या पत्त्या काळ्या पडतात, हिरवं किटण धरतं, पकड ढिली होते. पुण्याला चांगला चाललेला हीटर इथे प्लग जाळतो तो यामुळे

ए-३०१ : बापरे. काकू बोलल्या नाहीत कधी

सी-१०२ : काका माझा ८०० वॅटचा ६ अँपिअरला चालेल ना?

ए-१०४ काका : तो साडेतीन अँपिअर घेतो, चालेल, सॉकेट घट्ट असेल तर. अर्ध्या तासाने बंद करून पिनेला हात लावून बघायचा, कोमट ठीक, चटका बसला तर तो पॉइंट वापरायचा नाही

बी-४०४ : बिल किती येईल पण?

ए-१०४ काका : १००० वॅट तासभर म्हणजे १ युनिट. रोज ३ तास धरले तर महिन्याला ९० युनिट, आणि १०० च्या वर युनिटचा दर वाढतो ते बघ. रॉड घ्या, ऑइल घ्या, तेवढ्याच विजेत ऊब तेवढीच मिळते, फरक सुरक्षेचा आणि आरामाचा

बी-२०३ : मग ऑइलवाला नक्की. घेताना काय बघू?

ए-१०४ काका : आयएसआय मार्क. थर्मोस्टॅट. कलंडला की आपोआप बंद होणारा. पिन तीनच, अर्थिंगची पिन कापून लावणारे महाभाग आहेत. बाळापासून आणि पडद्यापासून ३ फूट तरी लांब, वर लंगोट वाळत घालायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी. झोपायच्या आधी तासभर लावून खोली ऊबदार करा, मग बंद करा. बाळाची मान घामेजली तर खोली जास्त तापलीय समजायचं, त्याला उकडतंय हे ते सांगू शकत नाही. आणि किती ऊब हवी ते बाळाच्या डॉक्टरांना विचारा, ते माझं काम नाही

बी-२०३ : काका, ताईच्या खोलीतला पॉइंट आत्ता बघितला. बारीकच आहे, आणि एका भोकाभोवती तपकिरी झालंय. फोटो टाकलाय

ए-१०४ काका : त्यात काहीही लावू नकोस, मोबाइलसुद्धा नको. बटण बंद करून वर चिकटपट्टी लाव. तुझ्या खोलीत एसीचा पॉइंट आहे ना?

बी-२०३ : हो, १६ चा, नवाच आहे. पण तो बराच वर आहे, हीटरची वायर पोचणार नाही

ए-१०४ काका : मग वायर वाढवायची नाही. त्याच लाइनवरून खाली एक १६ चा पॉइंट काढून घेऊ, एसी आणि हीटर एकाच वेळी लावायचे नाहीत एवढं पाळायचं. ताईला आणि बाळाला तुझ्या खोलीत हलव, तू हॉलमध्ये झोप. वायरमनला मी आत्ता फोन करतो, काम होईल तेव्हा समोर उभा राहीन

ए-३०१ : आणि आज रात्रीसाठी आमची गरम पाण्याची पिशवी पाठवते. अंथरूण ऊबदार करून घ्या आणि बाळाला ठेवायच्या आधी काढून टाका, बाळाशेजारी राहू देऊ नका. टोपी-मोजे आहेत ना पुरेसे?

बी-२०३ : आहेत काकू. पिशवी न्यायला मीच येतो. ताईची बाज हलवतोय आत्ता, सी-१०२ दादा पाच मिनिटं हात द्यायला येता का?

सी-१०२ : आलो