रेशन मिळतं पण वरचा किराणा १५०० मध्ये कसा बसवायचा?

घरात आम्ही चौघं, प्राधान्य कुटुंबाचं कार्ड आहे, म्हणजे माणशी ५ किलो धरून २० किलो धान्य फुकट येतं, त्याचं टेन्शन नाही. पण तेल, डाळ, साखर, भाजी हे सगळं लाडकी बहीणच्या १५०० मध्ये बसवायला बघते आणि वीस तारखेपासून चणचण सुरू. तुम्ही कसं भागवता?

सासवडकर: ताई, नुसती तूरडाळ नका वापरू, निम्मी मसूर घाला, फोडणीत लसूण जरा जास्त टाकला की आमटी कोणाला ओळखू येत नाही. मटकी, हुलगे सुटे घ्या, मोड आणले की वाटीभराचं पातेलंभर होतं. भाजी बाजार उठायच्या वेळी घ्या, घासाघीस पण करावी लागत नाही.

गिरणीवाला: तेलाच्या पिशवीवरचं वजन वाचा हो आधी. १ लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, आणि काही पिशव्या दिसायला तेवढ्याच पण आत ७५०-८०० च, मग स्वस्त वाटतं ते स्वस्त नसतं. रेशनचा तांदूळ जाड म्हणून मुलं खात नसतील तर धुवून वाळवून दळून आणा, भाकरी घावन मस्त होतात. आणि दुकानात मशीनची पावती मागाच, किती किलो चढवलंय ते कळतं.

प्रश्नकर्ती: पावती कधी मागितलीच नव्हती, आता मागते. हुलगे मात्र आमच्याकडे कोणी तोंडात घालत नाही 😅

सासवडकर: मग दळून पिठलं करा, गरम भाकरीबरोबर बघा.