गॅलिपोली: संग्रहालय बघावं की थेट टेकडी गाठावी?

डोंगरवेडा: तुर्कस्तानात गॅलिपोलीची पहिल्या महायुद्धातली रणभूमी बघायला निघालेल्यांनी कबातेपेचं संग्रहालय खुशाल गाळावं. पडद्यावर तोफा धडाडतात, कानठळ्या बसतात, संपलं. त्यापेक्षा चुनुक बैरवर जा. उंची जेमतेम २६० मीटर, पण माथ्यावरून एकीकडे एजियन समुद्र आणि दुसरीकडे दार्दानेल्सची सामुद्रधुनी दिसते. ऑगस्ट १९१५मध्ये एवढ्याशा टेकडीसाठी माणसं का मेली, ते उभ्याउभ्या कळतं.

शाईपेन: काही कळत नाही! सेल्फी निघतो, बस. ८ ऑगस्टला ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या न्यूझीलंडच्या वेलिंग्टन बटालियनने पहाटे माथा घेतला, रात्रीपर्यंत साडेसातशेंपैकी सत्तरेक जण धड उरले. त्यांचा कर्नल मॅलोन तिथेच पडला. १० तारखेला तुर्कांचा सेनानी मुस्तफा केमालने टेकडी परत घेतली. हे काय गवताकडे बघून समजणार?

डोंगरवेडा: घरून वाचून जायला कुणी अडवलंय? संग्रहालयात सगळा केमालचा जयजयकार.

कोकणकडा: मग कुणाचा असणार? त्यांच्या भूमीवर परके चालून आले, त्यांची ८० हजारांवर माणसं गेली. प्रतापगडावर आपण खानाच्या बाजूने फलक लावतो का? आणि माथाही काही जसाच्या तसा राहिलेला नाही. न्यूझीलंडच्या स्मारकाशेजारी केमालचा पुतळा आहे, काही खंदक नव्याने बांधलेत.

मुक्ताई: तुर्क झाले, न्यूझीलंडवाले झाले, ब्रिटिशांच्या फौजेत आपल्याकडून गेलेल्यांचं कुणी बोलेल का? ९ ऑगस्टला सहाव्या गुरखा पलटणीने शेजारच्या हिल क्यूचा माथा गाठला होता. वरून तोफगोळे पडले आणि त्यांना मागे यावं लागलं. गोळे आपल्याच बाजूचे होते, असं त्यांच्या मेजर अ‍ॅलनसनचं म्हणणं. वाद अजून मिटलेला नाही. खेचरांवर पाणी आणि दारूगोळा लादून वर नेणारेही हिंदुस्थानी होते. त्यांच्यातल्या मेलेल्यांची नावं वाचायची तर द्वीपकल्पाच्या पार दक्षिण टोकाला, हेलेसच्या स्मारकावर जावं लागतं. टेकडी की संग्रहालय, या भांडणात तेच राहून जातं.

डोंगरवेडा: मान्य. पण इस्तंबूलहून सकाळी निघून रात्री परतणाऱ्याला तिन्ही जमत नाहीत. हेलेस घ्यायचं तर काहीतरी सोडावं लागेल, आणि मी संग्रहालयच सोडेन.

शाईपेन: सोडा. निदान वाटाड्या तरी चांगला घ्या. आणि मुक्काम कराना एक, घाई कसली?